मर्सी शिप्स : रुग्णालय-जहाजावरील अल्पकालीन सेवा

ख्रिस्ती संस्थेमार्फत काही आठवडे किंवा महिने गरजू समाजात जाऊन विनावेतन सेवा करणे, म्हणजेच ‘अल्पकालीन मिशन’, या प्रथेचे विशेष विचारार्ह उदाहरण म्हणजे डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या दांपत्याने १९७८ मध्ये स्थापन केलेली मर्सी शिप्स ही संस्था होय. पूर्वी इटलीहून मुंबईमार्गे अतिपूर्वेकडे जाणारे ‘व्हिक्टोरिया’ हे प्रवासी जहाज विकत घेऊन संस्थेने त्याचे ‘अनास्तासिस’ हे पहिले रुग्णालय-जहाज घडवले. २००७ मध्ये ते गुजरातेतील अलंग येथे मोडीत निघाले.

सध्या संस्थेचे कार्य मुख्यतः आफ्रिकेत चालते. २०२२ मध्ये सेवेत आलेल्या ‘ग्लोबल मर्सी’ जहाजावर सहा शस्त्रक्रियागृहे असून तेथे दुभंगलेले ओठ, चेहऱ्यावरील मोठ्या गाठी, मोतीबिंदू आणि प्रसूतिजन्य फिस्टुला (अडलेल्या बाळंतपणामुळे मूत्राशय व योनिमार्ग यांच्यात पडणारे छिद्र, ज्यातून मूत्र सतत झिरपत राहते) यांवर रुग्णाचा धर्म न पाहता मोफत उपचार होतात. शल्यचिकित्सकांपासून स्वयंपाक्यांपर्यंतचे स्वयंसेवक प्रवासाचा व बहुधा राहण्या-जेवणाचाही खर्च स्वतः उचलतात.

शल्यचिकित्सकाचे अंगभूत कौशल्य दोन-तीन आठवड्यांतही पूर्णपणे उपयोगी पडते, म्हणून अल्प मुदत येथे सार्थ ठरते; मात्र जखमांची पुढील देखभाल दीर्घकाळ राहणाऱ्यांवर अवलंबून असते, आणि म्हणूनच स्थानिक डॉक्टर, परिचारिका व भूलतज्ज्ञ यांना दिले जाणारे प्रशिक्षण हाच या कार्याचा सर्वांत मोलाचा भाग मानावा लागतो.