गड रायगड, मंडळ पुण्याचं

पुण्यात मंडळांना तोटा नाही. पण घाटापलीकडे, महाडजवळच्या एका पडक्या किल्ल्यासाठी पुण्यात मंडळ निघावं आणि ते सव्वाशेहून अधिक वर्षं टिकावं, हे पुण्याच्याही हिशेबात जरा जगावेगळंच. १८९५ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं श्री शिवाजी रायगड स्मारक मंडळ आजही दर चैत्र पौर्णिमेला गडावर शिवपुण्यतिथीचा कार्यक्रम करतं. समाधीची पूजा, पालखी, कीर्तन. बाहेरच्यांना मंडळ ठाऊक आहे ते बहुधा या एका दिवसापुरतंच.

मंडळ निघालं तेव्हा गडाची अवस्था काय होती? मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून रायगडावर मारा केला. वाडे पेटले. राज्याभिषेक पाहिलेल्या राजधानीची जोती तेवढी उरली. पुढची कित्येक वर्षं तिकडे कोणी फिरकलं नाही. मग हळूहळू लक्ष वळू लागलं. १८६९ मध्ये महात्मा फुल्यांचा शिवाजीराजांवरचा पोवाडा प्रसिद्ध झाला. १८८३ मध्ये जेम्स डग्लस नावाच्या इंग्रजाने मुंबईवरच्या आपल्या पुस्तकात समाधीच्या दुर्दशेवर लिहिलं. वसईच्या गोविंद बाबाजी जोशींनी गडावर जाऊन वर्णनाचं पुस्तक केलं. बोभाटा झाल्यावर सरकारने समाधीच्या देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. ज्या राजाला छत्रपती म्हणायचं, त्याच्या समाधीवर छत्र नाही आणि सरकारदरबारी तिची किंमत पाच रुपये! 'केसरी'तून हा विषय पेटला आणि ३० मे १८९५ ला पुण्यात हिराबागेत सभा भरली. फंड काढायचा, समाधीवर छत्री बांधायची आणि गडावर दरवर्षी उत्सव करायचा, असा बेत ठरला.

समाधीचा शोध कोणाचा, श्रेय कोणाचं, यावरून अजून दर काही वर्षांनी सभा तापतात. त्यात मला रस नाही. समाधी शोधणं आणि तिच्यासाठी दरसाल माणसं गोळा करणं ही कामं वेगळी आहेत, आणि मंडळाचं कर्तृत्व दुसऱ्या कामातलं आहे.

कारण बांधकामाच्या बाबतीत म्हणाल, तर हिशेब फारसा शोभेचा नाही. उत्सव १८९६ पासून सुरू झाला. छत्री मात्र रेंगाळली. प्लेग आला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, फंडाचे पैसे ठेवलेली बँक बुडाली. समाधीचा जीर्णोद्धार पुरा झाला तो १९२६ च्या सुमारास, सरकारी खात्याच्या आणि मंडळाच्या पैशांतून. टिळक १९२० मध्येच गेले होते. मुठी-मुठीने फंड जमवणाऱ्या पिढीला काम पुरं झालेलं पाहायला मिळालं नाही. पण मधली तीस वर्षं गड विसरला गेला नाही, हे उत्सवाने साधलं. चुन्यागच्चीच्या आधी पंचांगातली एक तिथी पक्की केली, ही मला त्या बेतातली खरी अक्कल वाटते. दगड सरकारच्या ताब्यात होते. तिथीवर मात्र कोणाला जप्ती आणता येत नव्हती.

दगडाला हात लावला की काय होतं, याचा धडा समाधीशेजारीच उभा आहे. १९३६ साली इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून तिथे वाघ्याचा, म्हणजे शिवाजीराजांचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कुत्र्याचा, पुतळा बसला. वाघ्याची कथा लोकांच्या मनात पक्की केली ती राम गणेश गडकऱ्यांच्या 'राजसंन्यास' नाटकाने. शिवकालीन कागदपत्रांत तिला आधार नाही. २०१२ मध्ये काहींनी पुतळा उखडला, तो पुन्हा बसवला गेला. २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा आली. एका चौथऱ्यावरून ही रणं. मग गडावरचा राजवाडा नव्याने बांधा म्हणणारेही आहेत, त्यांच्या हौसेने काय होईल, कल्पना करा.

ही हौस आपल्यापुरती नाही. जर्मनीत हायडेलबर्गचा किल्ला फ्रेंचांनी १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये उद्ध्वस्त केला. योगायोग असा, की १६८९ मध्येच रायगड मोगलांच्या हाती पडला. टिळक छत्रीसाठी फंड जमवत होते त्या सुमारास तिकडे वाद पेटला होता, की हा भग्न महाल पुन्हा उभारायचा की नाही. एक इमारत नव्याने सजवली, पण गेओर्ग डेहिओसारख्या अभ्यासकांनी कडाडून विरोध केला आणि बाकीचं बरंचसं तसंच पडकं राहू दिलं. आज माणसं तेच पडकेपण पाहायला तिथे जातात.

आपल्याकडे २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन झालं, सुमारे ६०६ कोटींचा आराखडा आला. सर्वांत मोलाचं काम मला त्यातल्या उत्खननाचं वाटतं. २०२१ मध्ये सोन्याची बांगडी मिळाली, २०२५ मध्ये यंत्रराज हे खगोलीय उपकरण. मातीखालचा एक तुकडा दहा सिमेंटच्या बुरुजांपेक्षा जास्त बोलतो. ११ जुलै २०२५ ला रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा तर घाईघाईने काही उभारणं परवडणारच नाही.

म्हणजे मंडळाचं काम संपलं का? उलट झालंय. १८९५ मध्ये अडचण होती ती कोणी येत नाही ही. आज रोपवे १९९६ पासून चार-पाच मिनिटांत वर सोडतो आणि ६ जूनला राज्याभिषेकदिनी गडावर पाय ठेवायला जागा नसते. गड माहीत करून देण्याची गरज उरलेली नाही. गड वाचायला शिकवण्याची आहे. महादरवाजा असा दोन बुरुजांच्या कुशीत का लपवला, गंगासागर तलावाचं पाणी राजवाड्याला कसं जवळ पडायचं, बाजारपेठेची जोती इतकी उंच का, हे सांगणारा जाणता माणूस बहुतेक पर्यटकांना मिळत नाही. सेल्फी मिळते.

ही जाण द्यायची तर पायथ्याला पाचाड आहे. तिथे जिजाबाईंचा वाडा आणि समाधी आहे. त्या १७ जून १६७४ ला, राज्याभिषेकानंतर अवघ्या ११ दिवसांनी तिथेच गेल्या. संग्रहालय, माहितीपट, गाडीतळ, जेवणखाण, जे काय करायचं ते गडाखाली करावं. गडमाथा मोकळा राहू द्यावा. पुण्याच्या मंडळाकडे कागद आणि सव्वाशे वर्षांचं नाव आहे. प्राधिकरणाकडे पैसा आणि अधिकार. दोघांनी मिळून गडावरची वाटाड्यांची फळी तयार केली, तर पाचाड-हिरकणीवाडीच्या तरुणांना कामही मिळेल.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं: रायगडाला जायचं तर ६ जून किंवा सुट्टीचा दिवस टाळून जा, निदान उतरताना पायऱ्यांनी या, आणि गावातला वाटाड्या बरोबर घ्या.