नव्वद दिवसांची उधारी

नवलेखकांच्या एका शिबिरात एका मुलाने तिला विचारलं, "ताई, तुम्हाला लिहायचा मूड कधी येतो?"

"नव्वद दिवसांनी," ती म्हणाली. पोरं हसली. ती हसली नाही, म्हणून मी तिचा पत्ता मागून घेतला.

ती रोजच्या मालिकेचे संवाद लिहिते. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, सकाळी मुलाचा डबा भरून झाला की बसते. पटकथा दुसऱ्याची. चॅनेलने मंजूर केली की आदल्या रात्री हिच्या मेलवर येते, आणि त्यातल्या माणसांना हिने बोलतं करायचं. अर्ध्या तासातून जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं उरतात. तेवढा माल रोज लागतो.

मी गेले त्या दिवशी साडेआठलाच सेटवरून फोन. सासू तापाने फणफणलेली, म्हणजे सासूचं काम करणाऱ्या बाई. घोडबंदरच्या बंगल्यात बाकीचे मेकअप करून बसलेले. "ताई, तो सीन आत्याला देऊ या का? अर्ध्या तासात हवाय."

नाव बदलून भागणार नव्हतं. "हे घर माझं आहे," असं सासू दरडावते. आत्या कशी म्हणेल? ती माहेरी येऊन राहिलेली. हिने ते वाक्य दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि टाइप केलं, "हे घर माझ्या भावाचं आहे." मग सूनही बदलली. सासूपुढे मान खाली घालणारी ती, आत्याला म्हणाली, "मग भावालाच बोलू द्या की." सीन वेळेत गेला. पुढचे सीन तिने मुकाट्याने संपवले.

भराभर लिहिलेलं ते हलकं, ही आपली जुनी समजूत. बाबुराव अर्नाळकरांनी चष्म्याचं दुकान सांभाळून हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्या वेगाचं नवल आपण अजून सांगतो. मानधनाचा हिशेब मात्र कुणी सांगत नाही.

दुपारी तिने टेबलाच्या खणातून एक वही काढली. मुलाच्या गेल्या वर्षीच्या वहीची उरलेली पानं. एपिसोडचा क्रमांक, बिल पाठवल्याची तारीख, रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात त्यापुढची नव्वद दिवसांनंतरची तारीख. या धंद्याची रीतच तशी. आज सुनेने दिलेल्या उत्तराचे पैसे तीन महिन्यांनी, तेही १० टक्के टीडीएस कापून. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात लेखकाचा रॉयल्टीचा हक्क आला. तिच्या करारात त्याबद्दल एक ओळ नाही.

दर सोमवारी ती अकाउंट्सला फोन करते, गोड आवाजात. "पहाटे उठून लिहायची सवय कुणालाही लागते हो," ती म्हणाली, "मागायची लागायला मला सहा वर्षं लागली." रविवार तिने दिवाळी अंकाच्या कथेसाठी राखलाय, आणि तो राखता येतो तो या वहीमुळेच, असं मला वाटतं. कुठल्या महिन्यात घर कशावर चालणार, हे तिला आधी कळतं.

वहीतलं सगळ्यात जुनं येणं नव्वद नव्हे, दोनशे बारा दिवसांचं होतं.

लेखनाच्या कार्यशाळा भरवणाऱ्यांनी पहिला तास बिल कसं करायचं आणि करार कसा वाचायचा यावर घ्यावा. कथाबीज दुसऱ्या दिवशी शिकवलं तरी चालेल.