हाडे व स्नायूंच्या सूक्ष्म तपासणीसाठी सामायिक प्रयोगशाळा का महत्त्वाच्या?

नवी दिल्ली : स्नायूंच्या दुर्बलतेने ग्रस्त बालकाच्या मांडीतून शस्त्रक्रियेने काढलेला लहानसा तुकडा नेहमीच्या प्रथेप्रमाणे फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला गेला, तर निदानासाठी लागणारी बरीचशी माहिती तेथेच नष्ट होते. तो तुकडा पुन्हा मिळवायचा, तर बालकावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. बहुतांश अवयवांच्या ऊतींसाठी उपयुक्त ठरणारी सर्वसाधारण पद्धत हाडे व स्नायू यांच्यासाठी अपुरी पडते. त्यामुळेच या दोन ऊतींच्या तपासणीसाठी अनेक रुग्णालयांनी व संशोधन संस्थांनी मिळून वापरावयाच्या सामायिक प्रयोगशाळांना विशेष महत्त्व आहे.

हाडाची अडचण

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो. नेहमीच्या पद्धतीत ऊती मेणात बसवून तिचे चार ते पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतले जातात. मात्र कठीण हाडावर साधे पाते चालत नाही. म्हणून आधी आम्ल किंवा ईडीटीए या रसायनाने त्यातील कॅल्शियम काढून टाकले जाते. आम्लाने हे काम लवकर होते, पण पेशींचे व जनुकीय द्रव्याचे नुकसान होते. ईडीटीए सौम्य असले तरी त्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

परंतु कॅल्शियम काढल्यावर हाडाचा खनिजयुक्त भाग आणि अद्याप खनिज न बसलेला भाग यांतील भेद पुसला जातो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा अस्थिमार्दव हा विकार किंवा मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन आजारातील अस्थिविकार ओळखण्यासाठी नेमका हाच भेद दिसावा लागतो. अशा वेळी कॅल्शियम न काढता हाड कठीण राळेत बसवून टंगस्टन कार्बाइडच्या पात्याने कापले जाते. रुग्णाला काही दिवसांच्या अंतराने दोनदा टेट्रासायक्लिन दिल्यास ते नव्याने खनिज बसणाऱ्या जागी चिकटते आणि विशिष्ट प्रकाशात दोन चमकदार रेषा दिसतात. त्या दोन रेषांमधील अंतरावरून हाड किती वेगाने तयार होत आहे, हे मोजता येते.

स्नायूचा नाजूकपणा

स्नायूंतील विकरे, अर्थात एन्झाइम, फॉर्मॅलिनमध्ये निष्क्रिय होतात. म्हणून स्नायूचा तुकडा द्रव नायट्रोजनने सुमारे उणे १६० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये क्षणार्धात गोठवावा लागतो. थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यास तुकड्याभोवती वायूचे आवरण तयार होऊन गोठण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि त्यांनी पाडलेली छिद्रे आजाराची लक्षणे असल्याचा आभास निर्माण करतात.

योग्य रीतीने गोठवलेल्या कापांवर स्नायुतंतूंचे प्रकार, ऊर्जानिर्मितीतील बिघाड आणि डिस्ट्रोफिनसारख्या प्रथिनांचा अभाव तपासता येतो. ड्यूशेन स्नायुविकारात आता प्रथम जनुकीय चाचणी केली जाते. मात्र तिचा निष्कर्ष संदिग्ध असल्यास ऊती-तपासणीचा आधार घ्यावा लागतो.

देशातील व्यवस्था

महागडी वैज्ञानिक उपकरणे सर्वांना वापरता यावीत, यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकापासून प्रादेशिक उपकरण केंद्रे उभारली. आज ती ‘सैफ’ या संक्षिप्त नावाने ओळखली जातात. दिल्लीतील एम्समधील केंद्र जैववैद्यकीय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी परिचित आहे, तर पवई येथील आयआयटी मुंबईतही असे केंद्र आहे. बेंगळुरूची निम्हान्स संस्था स्नायू व चेतांच्या ऊती-तपासणीसाठी ओळखली जाते. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘आय-स्टेम’ संकेतस्थळावर देशभरातील उपकरणे शोधून त्यांच्या वापरासाठी वेळ आरक्षित करता येते. सार्वजनिक निधीतून घेतलेली उपकरणे इतरांनाही उपलब्ध व्हावीत, अशी अपेक्षा २०२२ च्या ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वांत व्यक्त करण्यात आली आहे.

उपकरणापलीकडचे आव्हान

तथापि, केवळ सूक्ष्मदर्शक सामायिक केल्याने प्रश्न सुटत नाही. कठीण हाडाचा अखंड काप घेणे हे हस्तकौशल्य असून ते दीर्घ सरावानेच साध्य होते. असा तंत्रज्ञ निवृत्त झाला किंवा बदलून गेला, तर यंत्र असूनही सेवा थांबू शकते. सामायिक केंद्रात अनेक ठिकाणांहून नमुने येत असल्याने हा सराव टिकून राहतो, हा त्याचा मोठा लाभ आहे.

दुसरा प्रश्न अंतराचा आहे. ताजा स्नायू सलाइनमध्ये बुडवून नव्हे, तर सलाइनने किंचित ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फावर ठेवून काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. ते शक्य नसल्यास तो शस्त्रक्रियेच्या ठिकाणीच गोठवणे आवश्यक ठरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठीचा छोटा तुकडा मात्र ग्लुटराल्डिहाइडमध्ये वेगळा ठेवावा लागतो. म्हणूनच नमुना काढल्यानंतर नव्हे, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच प्रयोगशाळेशी संपर्क साधणे रुग्णाच्या हिताचे ठरते.