ई-सायकलचा दिवा: आधी व्होल्ट, मग उजेड

घरात ई-सायकल आली की पहिले काही दिवस सगळे बॅटरीबद्दलच बोलतात. किती वेळात चार्ज होते, एका चार्जमध्ये किती जाते, चढावर कशी ओढते. दिव्याची आठवण होते ती मगरीबनंतर घरी परतायची वेळ येते तेव्हा. जाड टायरच्या, पुढे शॉकअप असलेल्या माउंटन बाइक पद्धतीच्या सायकली मुलांना फार आवडतात. पण त्यांच्यासोबत येणारा दिवा बहुधा इतरांना आपण दिसावे एवढ्यापुरताच असतो. समोरचा खड्डा आपल्याला दिसावा ही गोष्ट वेगळी.

हिशेब सोपा आहे. ताशी 25 किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला जवळजवळ 7 मीटर पुढे जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला आणि नंतर थांबायला आणखी सहा-सात मीटर लागले, तर कोरड्या रस्त्यावरही 13-14 मीटर हवेत. पावसात त्याहून बरेच जास्त. म्हणजे दिव्याने निदान 20 मीटरवरचे दाखवले पाहिजे. आपल्याकडे 250 वॉटपेक्षा कमी मोटरीच्या आणि 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगमर्यादेच्या सायकलीला मोटार वाहन धरत नाहीत. त्यामुळे लायसन्स लागत नाही, पासिंग नाही. आणि दिवा कसा आहे हे बघायलाही कोणी येत नाही. ते घरातल्या मोठ्यांनीच बघायचे.

दिवा घेताना दुकानदार लुमेन सांगतो. तो आकडा नंतर विचारा, आधी व्होल्ट विचारा. भारतात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींची बॅटरी 36 व्होल्टची असते. पण हा नावाचा आकडा. आत 10 सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्ट देतो, म्हणजे एकूण 42. 48 व्होल्टच्या 13 सेलच्या बॅटरीत हाच आकडा 54.6 होतो. मोटारसायकलचा 12 व्होल्टचा एलईडी त्यावर थेट जोडला तर तो जळणारच. दिव्यावर 12 ते 60 व्होल्ट किंवा तत्सम पल्ला लिहिलेला असेल आणि आपल्या बॅटरीचा पूर्ण चार्जचा आकडा त्यात बसत असेल, तरच तो थेट चालेल. नाहीतर मध्ये कन्व्हर्टर हवा.

काही मेकॅनिक इथे एक शॉर्टकट काढतात. बॅटरी पॅक उघडून तीन-चार सेलवरूनच 12 व्होल्टची वायर बाहेर काढतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश. पण तेवढेच सेल रोज जास्त रिकामे होतात, बाकीचे भरलेले राहतात, आणि काही महिन्यांत महागडी बॅटरी मान टाकते. लिथियमच्या पॅकला असे छेडणे आगीच्या दृष्टीनेही वाईट. कोणी हे सुचवले तर सायकल घेऊन सरळ निघून यावे.

आखातात किंवा युरोपात असलेले भाईजान, मामू येताना दिवा आणतात, तिथेही हाच प्रश्न. बॉशसारख्या मधल्या मोटरींना दिव्याची वेगळी जोडणी असते. बॉशच्या सध्याच्या मोटरींत पुढच्या दिव्याला 12 व्होल्ट मिळतात, तर शिमानोच्या काही मोटरींत 6 आणि काहींत 12. त्यासाठी बनवलेला दिवा आपल्या 36 व्होल्टच्या सायकलीवर थेट चालणार नाही. एक गोष्ट मात्र त्यांना सांगून मागवण्यासारखी आहे: जर्मनीत मान्यता मिळालेला दिवा, ज्यावर के अक्षर आणि क्रमांक असतो. त्याचा झोत वरून कापलेला असतो, त्यामुळे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जात नाही. अरुंद रस्त्यावर समोरचा एसटी ड्रायव्हर आंधळा होणे हे आपल्याच जिवावर बेतते.

हे सगळे किचकट वाटत असेल तर माझे मत सरळ आहे: बहुतेक घरांना यूएसबीवर चार्ज होणारा, हँडलवर लावायचा वेगळा दिवा पुरतो. वायर तोडायची नाही, वॉरंटीचा वाद नाही, आणि सायकलची बॅटरी संपली तरी दिवा चालू. तो मोबाइलसोबत रोज चार्जिंगला लावण्याची जबाबदारी मात्र एकाच कोणाची तरी असावी. रस्त्याला 400 लुमेन पुष्कळ झाले. डोंगरातल्या पायवाटेवर रात्री जायचेच असेल तर हजारच्या आसपास हवे. कोकणच्या पावसासाठी आयपीएक्स 6 बघा. आयपीएक्स 4 फक्त शिंतोड्यांपुरता.

वायरचाच दिवा बसवायचा असेल तर वायर चावी किंवा स्विचच्या पुढून घ्यायला सांगा, नाहीतर सायकल बंद असतानाही कन्व्हर्टर थोडा थोडा करंट खात राहतो. बॅटरीच्या बाजूला एक अँपिअरचा फ्यूज हवा. सहा वॉटच्या दिव्याला 36 व्होल्टवर पाव अँपिअरही लागत नाही. बॅटरीच्या पल्ल्याची काळजी नको. 360 वॉट-तासांच्या बॅटरीतून असा दिवा तीन तासांत जेमतेम 18 घेतो. वायरला शॉकअप दबण्याइतका आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळण्याइतका ढिलेपणा ठेवा. ती तुटते ती नेहमी तिथेच.

बसवून झाल्यावर सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, मुलाला सीटवर बसवा म्हणजे शॉकअप नेहमीइतका दबेल. झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण वीतभर खाली भिंतीवर पडला की स्क्रू आवळून टाका.