अस्पष्ट छायाचित्र : कसूर कोणाची?

छायाचित्र धूसर आले की भिंगाला दोष देऊन अधिक किमतीच्या सामग्रीच्या शोधास लागावे, हा हौशी छायाचित्रकारांत रूढ झालेला समज जितका खर्चिक तितकाच निराधार आहे; कारण अस्पष्टतेची कारणे अनेक असतात, आणि त्यांपैकी कोणते आपल्या चित्रास बाधले याचा दाखला बहुधा त्या चित्रातच मिळतो.

चित्र मोठे करून पाहावे. मुख्य विषय पुसट, पण त्याच्या पुढची वा मागची वस्तू रेखीव असेल, तर फोकस चुकला आहे. दूरच्या दिव्यांच्या ठिपक्यांसह यच्चयावत वस्तू एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, तर शटर उघडे असताना हात हलला आहे. आणि पालखीच्या रिंगणात कडेला उभे असलेले वारकरी सुस्पष्ट, पण दौडणारा अश्व तेवढा फरकटलेला उमटला असेल, तर अश्वाच्या वेगापुढे शटर मंद ठरले आहे. कंपन आवरणारी यंत्रणा असली म्हणजे शटरची फिकीर नको, हा समज येथेच फसतो. ती यंत्रणा आपल्या हाताची थरथर सावरते, अश्वाची दौड तिच्या अखत्यारीत नाही. त्यासाठी १/१००० सेकंदाच्या आसपासचाच वेग हवा. हातात धरलेल्या २०० मिलिमीटरच्या भिंगास, यंत्रणेचे साहाय्य नसेल तर, निदान १/२०० सेकंद हा जुना दंडक आजही उपयोगी आहे.

भिंगाचे छिद्र जितके आवळावे तितके चित्र रेखीव, हा समज अर्धसत्य असल्यामुळेच अधिक चिवट आहे. छिद्र आवळल्याने फोकसची खोली वाढते हे खरे. परंतु अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सबंध चित्रच किंचित मवाळ होते. १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात अँसेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी आपल्या मंडळास ‘एफ/६४’ हे अत्यंत आवळलेल्या छिद्राचे नाव दिले खरे, पण त्यांचे कॅमेरे मोठ्या फिल्मचे होते. वेस्टन तर ८ × १० इंची निगेटिव्हवरून त्याच आकाराची प्रत काढीत, त्यामुळे तो मवाळपणा डोळ्यांस जाणवत नसे. आजच्या लहान संवेदकावर एफ/२२ चा हट्ट धरणाऱ्यास ती सवलत नाही. बहुतेक भिंगे एफ/५.६ ते एफ/११ च्या दरम्यान उत्तम काम देतात.

संगणकावर ‘शार्पन’ केल्याने कडांचा उठाव वाढतो, हरवलेला तपशील परत येत नाही. म्हणून देवळाच्या सभामंडपातील मंद उजेडात, शटरचा वेग राखण्यासाठी, आयएसओ (संवेदकाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत वाढविण्यास कचरू नये. चित्रात दाणे दिसतील, पण ते मागाहून पुष्कळसे कमी करता येतात.