'टेम्पो' हा शब्द आपल्याकडं आला कुठून? हॅम्बुर्गची कंपनी, नगरचे फिरोदिया आणि आपल्या बांधावरची गाडी

पुणतांबा (ता. राहाता) : कांदा भरायचा असला की आपण म्हणतो, "टेम्पो सांगून ठेव." पेरूचे क्रेट राहात्याच्या मार्केटला न्यायचे असले तरी टेम्पो. गाडी टाटाची असो, महिंद्राची असो, नाहीतर छोटा हत्ती असो, आपल्या तोंडात शब्द एकच. पण मंडळी, टेम्पो हे काही गाडीच्या प्रकाराचं नाव नव्हतं. ते एका जर्मन कंपनीचं नाव होतं. ती कंपनी जर्मनीत कधीच संपली, तिचं नाव तिकडच्या रस्त्यावरून पुसलं गेलं. आपल्याकडं मात्र ते घराघरात राहिलं. आणि ते इकडं आणणारा माणूस आपल्याच नगर जिल्ह्यातला होता.

जर्मन गाडी म्हटलं की आपल्याला मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी आठवते. शिर्डीच्या रस्त्यावर त्या रोज दिसतात. पण शेतकऱ्याच्या खऱ्या कामी आलेली जर्मन गाडी म्हणजे टेम्पो.

तीन चाकं का?

जर्मनीत हॅम्बुर्ग नावाचं मोठं बंदराचं शहर आहे. तिथं १९२४ साली 'विदाल आणि सोन' या नावानं कंपनी सुरू झाली. 'सोन' म्हणजे मुलगा. आपल्याकडं दुकानावर 'आणि सन्स' लिहितात, तसंच. तिच्या गाड्यांचं नाव 'टेम्पो'. जर्मन भाषेत त्याचा अर्थ गती, वेग.

त्या काळी जर्मनीत मोठा ट्रक घेणं छोट्या दुकानदाराला, भाजीवाल्याला, बेकरीवाल्याला परवडत नव्हतं. १९२८ साली तिथं नियम आला की २०० सीसीपर्यंतच्या छोट्या इंजिनाच्या गाडीला चालकाचा परवाना लागणार नाही आणि करही नाही. मग तीनचाकी मालगाड्यांना चांगले दिवस आले. टेम्पो कंपनीनं हाच गिऱ्हाईक धरला. तिची गाडी छोट्या माणसासाठी होती.

गाडीची रचना साधी होती. पुढं एक चाक, मागं दोन. इंजिन पुढच्या चाकाच्या वरच बसवलेलं आणि साखळीनं तेच चाक फिरवायचं. त्यामुळं मागच्या हौद्याखाली यंत्राचा काही पसारा नाही. हौदा खाली, जमिनीजवळ. गोणी चढवायला सोपं. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. सुटे भाग कमी, म्हणून बिघाडही थोडा आणि गावातल्या मिस्त्रीलाही उघडता येईल असं काम. धूर आणि आवाज मात्र भरपूर.

याच कंपनीनं १९३६ च्या सुमारास एक अजब गाडी काढली होती. पुढं एक इंजिन आणि मागं दुसरं इंजिन, चारही चाकं ओढणारी. ती लष्करी वापरासाठी होती. पण कंपनीचं नाव झालं ते दुकानदाराच्या तीनचाकीनं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिनं 'हॅन्सेट' नावाची तीनचाकी आणि 'मॅटाडोर' नावाची चारचाकी काढली. ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही आपल्याकडं आली.

नगरचे फिरोदिया

कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे नगरचे वकील आणि स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी. जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेचे ते अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव नवलमल फिरोदिया. तेही स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले. माणसानं माणसाला ओढायची रिक्षा बंद होऊन यंत्रावरची रिक्षा यावी, या कामात देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या काळात त्यांचा मोठा वाटा राहिला.

नवलमल यांचे भाऊ हस्तीमल फिरोदिया. त्यांच्या किनेटिकची लूना आपल्या पिढीतल्या कुणी चालवली नाही, असं घर सापडणं अवघड. किनेटिकचा नगरचा कारखानाही सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे एकाच घरातल्या दोन भावांनी, एकानं माल वाहायची आणि दुसऱ्यानं माणूस न्यायची स्वस्त गाडी दिली.

नवलमल यांनी हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार केला आणि १९५८ साली बजाज घराण्याच्या भागीदारीत 'बजाज टेम्पो' कंपनी उभी राहिली. सुरुवातीला हॅन्सेट तीनचाकी मुंबईत गोरेगावला तयार होऊ लागली. पुढं १९६० च्या दशकात कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला. पिंपरी-चिंचवडच्या ज्या कारखानदारीनं आपल्या तालुक्यातल्या कितीतरी पोरांना रोजगार दिला, त्यातला हा एक जुना कारखाना.

हॅन्सेट आपल्याकडं जवळपास २००० सालापर्यंत बनत राहिली. जर्मनीत ती १९५० च्या दशकातच बंद झाली होती. म्हणजे मूळ गावात विसरलेली गाडी आपल्याकडं आणखी चाळीस वर्षं चालली. उत्तरेत लखनौ, ग्वाल्हेरकडं तिच्यावर सीटा बसवून माणसं नेली गेली. म्हणून तिकडं 'टेम्पो' म्हणजे शेअर रिक्षा. नेपाळमध्येही तीनचाकीला टेम्पोच म्हणतात. आपल्याकडं ती माल वाहायची, म्हणून आपला टेम्पो मालाचा.

मॅटाडोर आणि 'मर्सिडीजचं इंजिन'

त्यानंतर आली मॅटाडोर. मॅटाडोर म्हणजे स्पेनमध्ये बैलाशी झुंजणारा गडी. आपल्याकडं बैलाचं ओझं कमी करणाऱ्या गाडीला हे नाव मिळालं, हा योगायोगच. जम्मूकडं आजही मिनीबसला मॅटाडोर म्हणतात.

मॅटाडोरची पुढची चाकं ओढायची. त्यामुळं मागं दांडा नाही, हौदा खाली. दूध, भाजी, अंडी, लग्नाचं सामान, गणपती, सगळं तिच्यातून गेलं. पण या रचनेचा तोटाही होता. घाट चढताना माल मागं जड झाला की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि चाक जागेवर फिरतं. जुने ड्रायव्हर म्हणूनच जड माल पुढच्या बाजूला लावायला सांगायचे. त्यामागं शास्त्र होतं.

दरम्यान जर्मनीत मूळ टेम्पो कंपनी विदाल घराण्याच्या हातून हॅनोमाग कंपनीच्या समूहाकडं गेली आणि तिथून मर्सिडीजवाल्या डेमलर-बेंझकडं. हॅम्बुर्गचा तो जुना कारखाना आज मर्सिडीजचा आहे. टेम्पोच्याच वंशातली गाडी काही वर्षं मर्सिडीजचा तारा लावून विकली गेली. १९७७ साली तिच्या जागी मर्सिडीजनं नवी व्हॅन काढली.

आता गंमत बघा. तीच नवी व्हॅन १९८० च्या दशकात आपल्याकडं आली आणि तिचं नाव पडलं 'टेम्पो ट्रॅव्हलर'. जर्मनीत जिनं टेम्पोचा वंश संपवला, तीच भारतात टेम्पो नावानं जन्माला आली. शिर्डीला, शिंगणापूरला भाविक घेऊन येणाऱ्या ट्रॅव्हलर गाड्या या घराण्यातल्या. १०८ नंबरच्या अनेक रुग्णवाहिकाही ट्रॅव्हलरच आहेत. आपल्या वडापची ट्रॅक्स आणि क्रुझर त्याच कंपनीच्या.

'मर्सिडीजचं इंजिन' हा शब्दही इथूनच आला. मर्सिडीजचं ओएम ६१६ नावाचं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. जर्मनीत ते २४० डी या मोटारीत बसायचं आणि ती मोटार तिकडं टॅक्सी म्हणून फार चालली. वेग बेताचा, पण दम मोठा. याच इंजिनाचा परवाना घेऊन बजाज टेम्पोनं ते भारतात बनवलं आणि मॅटाडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलरमध्ये बसवलं. म्हणजे विकणारा "मर्सिडीजचं इंजिन आहे" म्हणतो ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. रचना मर्सिडीजची, घडवलेलं भारतात.

पुढं बजाज आणि फिरोदिया घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. २००५ साली कंपनीचं नाव 'फोर्स मोटर्स' झालं. आज हीच कंपनी मर्सिडीजसाठी चाकणला आणि बीएमडब्ल्यूसाठी चेन्नईला इंजिनं जोडून देते. ज्यांच्याकडून शिकलो, त्यांचंच काम आता आपली माणसं करतात.

नाव टिकतं कशानं?

एवढ्या मोठ्या जर्मन कंपन्या, पण लोकांच्या तोंडी शब्द होऊन बसली ती छोटी. कारण ती परवडली, गावात दुरुस्त झाली आणि अडचणीत उभी राहिली.

उलट उदाहरणही जर्मनीचंच आहे. फोक्सवॅगन ही जगातली बलाढ्य कंपनी. तिचा कारखाना आपल्या चाकणला आहे आणि तिच्याच समूहातल्या स्कोडाचा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झालं की कंपनीनं डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर टाकलं होतं, जे धुराची तपासणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी दाखवायचं. रस्त्यावर गाडी पुन्हा जास्त धूर सोडायची. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचं कंपनीनंच मान्य केलं. अब्जावधींचा दंड बसला, कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं. कित्येक वर्षांची पत काही दिवसांत गेली. आपल्या बाजारातही तेच आहे. गोणीच्या तोंडाशी मोठा कांदा आणि खाली चिंगळी भरणाऱ्याचं नाव व्यापाऱ्याच्या लक्षात राहतं.

आपल्याला याचं काय?

आपल्या पुणतांब्याला रेल्वे जंक्शन आहे, पण शेतातला माल रेल्वेनं जात नाही. तो टेम्पोनं जातो. १ जून २०१७ ला आपल्या गावातून शेतकरी संप सुरू झाला, तेव्हा थांबली ती दुधाची आणि भाजीची गाडीच. गाडी थांबली आणि मुंबई-पुण्याला शेतकरी आठवला. भाव आपल्या हातात नसतो. माल कोणत्या गाडीत, कुणाबरोबर आणि किती भाड्यानं जातो, हे मात्र थोडंफार आपल्या हातात असतं.

सीझन आला की गावातली तरुण पोरं जुना टेम्पो घ्यायचा विचार करतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी :

१) "मर्सिडीजचं इंजिन" ऐकून पैसे मोजू नका. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या.

२) गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का, ते एमपरिवहन अॅपवर बघा. बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बाकी राहिलेले चलनही बघा.

३) फिटनेस आणि विमा चालू आहे का, ते तपासा. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, त्यानंतर दरवर्षी. तो खर्च आधीच हिशोबात धरा.

४) सगळ्यात महत्त्वाचं. मालवाहू टेम्पोत वऱ्हाड किंवा मजूर भरू नका. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत गेला तर त्याला विम्याचं संरक्षण आहे. हौद्यात बसवलेल्या प्रवाशांना ते सहसा मिळत नाही. अपघात झाला तर भरपाई गाडीमालकाच्या अंगावर येते आणि मग शेत विकायची पाळी येते.

आणि ज्यांना गाडी घ्यायची नाही, त्यांनी शेजाऱ्याशी बोलून दोघा-तिघांचा माल एकाच गाडीत भरावा. हौदा अर्धा रिकामा गेला तरी भाडं पूर्णच लागतं. हॅम्बुर्गच्या त्या कंपनीनं गाडी काढली होती ती एकट्याला मोठा ट्रक परवडत नाही म्हणूनच.