बोटावरचा चिमटा

मुलांनो, २०२० साली करोनाची साथ आली आणि बोटाला लावायचा एक चिमटा सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्याचं नाव पल्स ऑक्सिमीटर. सुई न टोचता त्याला रक्तातला ऑक्सिजन कळतो तरी कसा?

चिमट्यात दोन दिवे असतात. एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन भरपूर असलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, अवरक्त जास्त. ऑक्सिजन कमी झाला की उलट!

पण बोटात कातडी, हाडंही असतात. त्यातून रक्ताचा हिशेब वेगळा कसा काढायचा? जपानी अभियंते ताकुओ आओयागी प्रकाशानं दुसरंच काही मोजत होते. नाडीचे ठोके मधेच लुडबुडायचे. ही लुडबुडच कामाची, हे त्यांनी ओळखलं. ठोक्यागणिक प्रकाश कमी-जास्त होतो, तो धमनीतल्या रक्तामुळे! १९७४ साली त्यांनी ही पद्धत मांडली.

निरोगी माणसाचा आकडा साधारण ९५ ते १०० असतो. पण हात गार असले, बोट हललं, नखाला गडद नेलपॉलिश असलं, तर तो चुकू शकतो. सावळ्या कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्तही दिसतो. म्हणून आजीला धाप लागली असेल, तर आकडा ९७ दिसला तरी डॉक्टरांना गाठायचं. यंत्र आकडा सांगतं. आजीकडे बघायचं आपण!